पंचवीस थेंब

मडगाव,
९ ऑक्टोबर २०२४

लवू,

अक्षर बघून दचकू नकोस. माझंच आहे, डाव्या हाताचं. वर्गात कोणी असं लिहिलं असतं तर मी वही खिडकीतून बाहेर फेकली असती.

जूनमध्ये झटका आला तेव्हापासून उजवी बाजू नीट चालत नाही आणि जीभ जड झाली आहे. मी बोलतो ते फक्त रिशेलला कळतं, तेही अर्धं. म्हणून फोन करू नकोस, मी नुसता घुरघुरेन आणि तू उगाच रडशील. इथल्या थेरपीच्या बाईंनी रोज डाव्या हाताने एक पान लिहायला सांगितलंय. कोणाला लिहायचं? शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं तू माझ्या पाठीशी उभा होतास, परीक्षानळ्या धुवत. तेव्हा आता वाच.

काम असं आहे. घरामागे शेल्डनने होमस्टेच्या पाहुण्यांसाठी पोहायचा पूल बांधला. पाहुणे दोनदा आले, मुलगा जहाजावर गेला आणि पूल तसाच राहिला. आता तो मला हवाय. इथे एका दवाखान्याच्या पाण्यात मी दिवसाआड चालतो. जमिनीवर दहा पावलांत दमतो, पाण्यात वीस मिनिटं चालतो, काठीशिवाय. घरी तशी सोय झाली तर रिशेल मला मालवणला सोडायला तयार आहे. नाहीतर नाताळानंतर घर भाड्याने देणार आणि मी कायमचा इथे, चौथ्या मजल्यावर. मुलगी वाईट नाही, लवू. पण मला घरी यायचंय.

अडचण लादीची आहे. रिशेल सप्टेंबरमध्ये येऊन गेली तेव्हा तिने पुलाच्या तळावर हात फिरवला. सांध्यांतलं सिमेंट खाल्लं गेलंय, लादीच्या कडा किसणीसारख्या झाल्यात. माझ्या उजव्या तळव्याला काही कळत नाही आणि अंगात साखर आहे. खरचटलं तर मला समजणारही नाही, आणि समजेल तेव्हा उशीर झालेला असेल.

सिमेंट खाल्लं ते आपल्या विहिरीच्या पाण्याने. जांभ्यातलं पाणी, त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही. असं पाणी भुकेलेलं असतं. त्याला कॅल्शियम दिलं नाही तर ते सिमेंटमधून ओढून घेतं. तपासणीचं किट कुरिअरने पाठवलंय. त्यातल्या बाटलीत पाणी घे, दोन्ही पुड्या टाक, लाल होईल. मग थेंब थेंब औषध घालत निळं होईपर्यंत मोज. एक थेंब म्हणजे दहा पीपीएम कॅल्शियम. आपल्याला पंचवीस थेंब हवेत. तीनदा मोज आणि तिन्ही आकडे कळव.

इनास


मालवण,
१५ ऑक्टोबर २०२४

मा. इनास सर यांचे सेवेशी,
सेवानिवृत्त शिपाई लवू यांजकडून सविनय सादर करण्यात येते की, आपले दि. ९ चे पत्र प्राप्त झाले. त्यातील सूचनांनुसार कार्यवाही करण्यात आली असून

सर, असा लिवत बसलंय तर हयसरच नाताळ येतलो. माज्या भाषेत लिवतंय, रागावू नका.

तुमचा पत्र माज्या बायलेन, शेवंतीन वाचून दाखवल्यान. मधीच थांबली. मगे माकाच वाचूचा लागला.

टाकीचा पानी तपासला. (आमी घरात टाकीच म्हणतो, पूल म्हटला की वड्यावरचो साकव दिसता.) पयल्यांदा चार थेंब, दुसऱ्यांदा चार, तिसऱ्यांदा पन चार. चौथ्या थेंबाक लाल रंग फिरलो आनि निळो झालो तेवा माका वाटला, आता तुमी मागसून म्हणतलात, "लवू, हात हलवू नको." मी मागे बगलंय सुद्धा.

शेवंतीक नवल वाटता. ह्या पान्यात डाळ मेणासारखी शिजता, साबणाक फेस इतको की धुवून जाता जात नाय. आमी म्हणायचो, इनास सरांच्या बावीसारख्या पानी खंय नाय. आनि ह्याच पानी लादी खाता.

पुढे काय करूचा ता सांगा. तुमी घराक येवकच व्हये. घर रोज उघडतंय, खिडक्यो पुसतंय, पन बंद घराचो वास जाणा नाय.

आपला,
लवू


मडगाव,
२० ऑक्टोबर २०२४

लवू,

पुढल्या पत्रात 'सविनय सादर' लिहिलंस तर उत्तर देणार नाही.

आता क्रमाने कर. पाणी सगळं काढ. गुरुदास गवंड्याला बोलावून सगळे सांधे नव्याने भरून घे, आठ दिवस सुकू दे. मग विहिरीच्या पाण्याने टाकी भर (बरं, टाकी तर टाकी). भरल्याबरोबर कॅल्शियम द्यायचं, नाहीतर ते पाणी नवं सिमेंटही चाटून टाकेल.

द्यायचं ते कॅल्शियम क्लोराइड. कुडाळच्या दुकानात मागव, सहा किलो. रोज दीड किलो, चार दिवस. बादलीत आधी पाणी, मग त्यात क्लोराइडची पांढरी चकती मूठमूठ सोडायची. उलटं करायचं नाही. बादली गरम होते, घाबरू नकोस. विरघळलं की कडेकडेने ओत, पंप चालू ठेव. दीड किलोला पाच थेंब वाढतात, हा हिशोब डोक्यात ठेव.

काल दवाखान्याच्या पाण्यात बावीस मिनिटं चाललो. बाई टाळ्या वाजवतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसासाठी टाळ्या वाजवणं बरं नव्हे, पण मला आवडलं.

इनास


मालवण,
७ नोव्हेंबर २०२४

सर,

सांधे भरून झाले. गुरुदासान दिवाळेच्या आदी काम पुरा केल्यान. टाकी भरली. कालपरवा दोन दिस मिळून तीन किलो कॅल्शियम घातला.

रिडिंग: पंचवीस, पंचवीस, पंचवीस.

तुमी काळजी करू नका. दिवाळेचे पोहे तुमच्या वाटणीचे पन आमीच खाल्ले.

लवू


मडगाव,
१२ नोव्हेंबर २०२४

लवू,

सुरुवात चार थेंबांची. दीड किलोला पाच थेंब. तीन किलोला दहा. चार आणि दहा किती होतात ते शेवंतीला विचार. पंचवीस कुठून आले?

बाकी काही लिहीत नाही. खरं काय ते कळव.

इनास


मालवण,
१७ नोव्हेंबर २०२४

सर,

तुमचा पत्र इला आनि दोन दिस मी टाकयेच्या काठार बसान काडलंय.

खरा सांगतंय. कुडाळचो दुकानदार म्हणालो, माल येवक आठ-दहा दिस लागतले. टाकी तर भरलेली. तुमीच लिवल्यात की पानी नव्या सिमेंटाक पन चाटतला. माका रात दिस ताच दिसायचा. मगे मी इचार केलो, तुमी नववीच्या वर्गात शिकवायच्यात, चुनो म्हणजे कॅल्शियम. तीस वर्सा मागच्या बाकाकडे उभो रवान मी ऐकलंसय. आनि आमच्या मसुरे गावात दरवर्सा पावस गेलो की बावीत चुनो सोडतत. माज्या बापाशीन सोडल्यान, मी सोडतंय. म्हणान शिंपल्यांचो चुनो हाडलो, भिजवलो आनि दोन घमेली टाकयेत सोडलो.

पानी दुदासारख्या झाला, सर. दोन दिस तळ दिसना नाय. मगे खाली बसला आनि लादयेर पांढरी खरपी धरली. थेंब मोजूक गेलंय तर रंग कसलोच धड येयना. आनि मी तीन किलो घातला, पंचवीस इले, असा लिवला. तुमका बरा वाटात म्हणान. तुमी थयसर एकटे, आनि मी हयसर तुमचा नुसकान करून ठेवलंय, ता कसा लिवू?

बोर्डाच्या प्रॅक्टिकलाक पोरांच्या कानात रिडिंग सांगायचंय, तशीच ही सवय. तुमका ता कधी सांगूक नाय. आज सांगतंय. आता दुसरो कोण बगा, माका काय बोलाचा ता बोला.

लवू


मडगाव,
२१ नोव्हेंबर २०२४

लवू,

दुसरा कोण बघू? तुझ्यासारखा वेडा मला दुसरा मिळायचा नाही.

आधी काम. टाकी रिकामी कर. खरपी अजून कच्ची असेल, ताठ ब्रशने घासून काढ, दगड होऊ देऊ नकोस. दोनदा धुऊन पुन्हा भर. चुना कॅल्शियमच, पण तो पाण्याची जात पालटतो, मग त्यातलं कॅल्शियम पाण्यात राहत नाही, खाली येऊन बसतं. हे मी नववीला शिकवलं नव्हतं. तेवढी चूक माझी. चकत्या आता रिशेल इथूनच पाठवत्येय.

राहिलं प्रॅक्टिकलचं. मला माहीत होतं. दरवर्षी त्या दिवशी मी खिडकीशी उभा राहून बाहेर बघायचो ते काय नारळ मोजत होतो? सुताराची, रापण ओढणाऱ्या कोळ्याची पोरं नापास झाली असती तर मला जेवण गेलं नसतं. तू सांगायचास आणि मी ऐकायचो नाही. दोघांनी मिळूनच केलं ते.

पण हा माझा पाय आहे, लवू. इथे खरं रीडिंग हवं.

इनास


मालवण,
२ डिसेंबर २०२४

सर,

झाला. मी, शेवंती आनि गुरुदास, तिगांनी मिळून चार दिस लादी घासली. पानी भरला, चकती घातली. बादली इतकी तापली की शेवंती म्हणाली, आता ह्यात तांदूळ घाला.

रिडिंग, शेवंतीक साक्षीक ठेवन: चोवीस, पंचवीस, चोवीस. आज सकाळी परत मोजला, चोवीस.

लादयेर अनवाणी चाललंय. ह्या टोकापासून त्या टोकाक, धा फेरे. लोण्यासारखी लागता. आता इलात तरी चलात.

लवू


मडगाव,
५ डिसेंबर २०२४

लवू,

तुझं पत्र रिशेलला दाखवलं. तिने दोनदा वाचलं. म्हणाली, "लवूकाकांनी मला वेगळं लिहून द्यावं की लादीवर पाय ठेवायला धोका नाही. मग मी बघायलासुद्धा येत नाही, सरळ २१ तारखेला तुम्हाला घरी सोडते."

लगेच लिही. चार ओळी पुरेत. मी इथे कॅलेंडरवर खुणा करतोय आणि ती बघत नाही असं समजतोय.

इनास


मालवण,
९ डिसेंबर २०२४

सर,

रिशेलबायक लिवूक बसलंय आनि शेवंतीन पेन हातातसून काडून घेतल्यान.

म्हणाली, "तुमी चाललात म्हणान लादी गुळगुळीत? तुमचे पाय कधी बगल्यात?" सर, मी जन्मभर शेतात अनवाणी. काटो मोडलो तरी माका संध्याकाळी कळता. माज्या तळव्यांका सगळीच जमीन लोण्यासारखी.

मगे तिणा उशीतलो सावरीचो कापूस काडल्यान, त्येची पुरचुंडी केल्यान आनि टाकयेत उतारली. लुगड्यासकट. तळार सगळीकडे कापूस फिरवल्यान. जय खरखर आसा थय कापसाचे तंतू अडाकतत. अकरा जागी अडाकलो. चुन्याची खरपी सांध्याच्या कडेक धरून रवली हा, डोळ्यांक दिसणा नाय, हाताक पन लागणा नाय, इतकी बारीक. पन तुमच्या पायाक लागतली.

पानी काढूचा नाय, नायतर सगळा कॅल्शियम जायत. मी बुडी मारून दगडान एकेक जागा घासतंय. दिसाक एक जागा पुरी जाता. त्येच्या मागसून परत कापूस फिरवचो लागतलो. सगळा धरून नाताळ होवन जायत. २१ तारखेक जमाचा नाय, सर. रिशेलबायक काय लिवू?

लवू


मडगाव,
१२ डिसेंबर २०२४

लवू,

लादी ठीक आहे असंच लिही.

मी मोजे घालून उतरेन. जाड मोजे. तू हात धरशील. उरलेल्या जागा मी आल्यावर घास, मी काठावर बसून सांगेन कुठे. दहा दिवसांत कोणाचा पाय जात नाही.

रिशेलने घरासाठी भाडेकरू बघून ठेवलाय. एक जोडपं आहे, जानेवारीपासून हवंय त्यांना. एकदा चावी दिली की मी परत येत नाही, हे तुलाही कळतं. बोर्डाच्या पोरांना तीस वर्षं सांगितलंस. एकदा माझ्यासाठी सांग.

इनास


मालवण,
१५ डिसेंबर २०२४

रिशेलबाय,

तुमका माजा पयलाच पत्र. फोन करूक येय होतो, पन तुमी काय इचारलात तर माजी जीभ वळाची नाय, म्हणान लिवतंय.

पान्याचा काम चोख झाला हा. चोवीस-पंचवीस थेंब येतत, सरांक व्हये तितके. पन लादी अजून सरांच्या पायाजोगती नाय. चुन्याची खरपी आसा, अकरा जागी होती, आता सहा रवल्यो. ती खरपी माज्या चुकीन झाली. मी बावीत सोडतत तसो टाकयेत चुनो सोडलो. सरांनी सांगूक नव्हता. आनि लादी लोण्यासारखी आसा म्हणान मी आदी लिवलंय, ता पन चूक. माजे पाय दगडाचे, त्येंच्यार इस्वास ठेवूचो नाय.

सरांनी माका सांगल्यानी, लादी बरी आसा असा तुमका लिव. ता पन मी लपवणा नाय. त्येंच्यार रागावू नका. घराक येवच्यासाठी माणूस काय काय करता.

ह्या पत्रान सर घराक येवचे नाय ता माका कळता. माज्याशी बोलाचे नाय, लिवचे पन नाय. तीस वर्सा मी त्येंच्या शब्दाभायर गेलंय नाय, आज जातंय. माका लय वायट वाटता, रिशेलबाय. पन त्येंच्या पायाक काय झाला तर माका त्या घराच्या पायरेर उभ्या रवाक जमाचा नाय.

लवू


मडगाव,
१८ डिसेंबर २०२४

लवू,

रिशेलने तुझं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी हात जोडून जे मागितलं ते तुला देता आलं नाही.

मला लिहू नकोस.

इनास


मडगाव,
१८ डिसेंबर २०२४

लवूकाका,

पप्पांचं पत्र याच पाकिटात आहे. त्यांनी मला ते पोस्टात टाकायला दिलं, तेव्हा त्याच्याबरोबर माझंही जाऊ दे.

मी तुमच्याकडून लिहून मागितलं ते लादीसाठी नव्हतं. लादी मला कोणीही बघून सांगितली असती. ऑगस्टमध्ये पप्पा बाथरूममध्ये पडले होते. तीन दिवस त्यांनी मला सांगितलं नाही. मोजा धुवायला घेतला तेव्हा रक्त दिसलं. जखम भरायला पाच आठवडे गेले. ते पाय वाचला म्हणतात, डॉक्टर काय म्हणाले ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

तेव्हापासून मला एकच भीती होती. मालवणला पप्पा सांगतील तसं तुम्ही बोलणार. ते पडले तर तुम्ही उचलणार, पुसणार आणि मला फोनवर सांगणार, सर एकदम बरे आहेत. तुमचं त्यांच्यावर किती प्रेम आहे ते लहानपणापासून बघत्येय, म्हणूनच भीती वाटायची. पप्पांना तिथे एकटं ठेवायचं नव्हतं, आणि तुम्ही असूनही ते एकटेच असते.

काल तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग भाडेकरूंना फोन करून सांगितलं, घर मिळणार नाही.

शनिवारी २१ तारखेला आम्ही येतोय. टाकीत ते उतरायचे नाहीत, शेवंतीकाकूंचा कापूस सगळीकडून सरळ जाईपर्यंत. कितीही दिवस लागोत. कापूस सरकला की नाही ते तुम्ही सांगायचं, पप्पांनी नाही. आणि ते पडले, खरचटले, जेवले नाहीत, रुसले, काहीही झालं तरी त्याच दिवशी मला कळवायचं. त्यांनी हात जोडले तरी.

त्यांचं पत्र हातात आल्यावर आज सकाळीच मी पप्पांना येण्याचं आणि या अटींचं सांगितलं. त्यांनी पाटी मागून घेतली. तीवर लिहून दिलं की लवूशी मी महिनाभर बोलणार नाही. तेव्हा तयारीत राहा. आज बुधवार आहे, निघायला अजून तीन दिवस आहेत, आणि ते सकाळपासून बूट घालून दारातल्या खुर्चीवर बसलेत.

तुमची,
रिशेल